जयवंताबाईंचा अर्ज

गौतमने रविवारी सकाळी नऊला सगळ्यांना एकत्र बसायला सांगितलं, तेव्हाच सुनंदाला कळलं की बातमी चांगली नाही. चांगली असती तर त्याने ती कुणालाही फोनवर सांगून टाकली असती. सगळ्यांना बसवून सांगायची गोष्ट म्हणजे सगळ्यांकडून काहीतरी हवं असलेली गोष्ट. धाकट्या भावाचा हा स्वभाव तिला तो शाळेत होता तेव्हापासून ठाऊक होता.

हैदराबादेत दिलसुखनगरचा तो फ्लॅट त्यांनी तिघांच्या बेताने घेतला होता. ती, नवरा हिम्मतराव आणि मुलगी सायली. गेली दोन वर्षं त्यात पाच माणसं राहत होती. कॅनडासाठीची पहिली वैद्यकीय तपासणी नीट पार पडली तेव्हा बाबांनी, म्हणजे एकनाथरावांनी, सुलतान बाजारातलं कापडाचं दुकान आणि त्यावरच्या राहत्या खोल्या पुतण्या अंबाजीच्या हवाली केल्या. नातेवाइकांना जेवण घातलं, गळ्यात हार घालून फोटो काढून घेतले, आणि निघेपर्यंत म्हणून लेकीकडे आले. निघणं काही झालं नाही. सायलीची खोली आजी-आजोबांना गेली. बी.टेक. झालेली ती मुलगी हॉलमधल्या दिवाणावर झोपत होती आणि नोकरीच्या मुलाखती बाल्कनीत उभी राहून देत होती.

लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर ठेवला होता. पडद्यावर गौतम दिसला, एडमंटनमधल्या त्याच्या स्वयंपाकघरात. मागून त्याची बायको प्रियदर्शिनी कमरेवर हात ठेवून हळूहळू गेली. तिला सातवा महिना होता आणि डॉक्टरांनी विश्रांती सांगितली होती.

गौतमने आधी सगळ्यांची चौकशी केली, मग खाली मान घालून बोलायला लागला. पहिल्या तपासणीची मुदत संपल्यामुळे मागच्या महिन्यात आई-बाबांची दुसऱ्यांदा तपासणी झाली होती, ते सगळ्यांना माहीत होतं. बाबांची मूत्रपिंडं जवळजवळ थकली आहेत आणि सहा महिन्यांच्या आत डायलिसिस लागेल, हेही हैदराबादच्या डॉक्टरांनी सांगून झालं होतं. कुणाला माहीत नव्हतं ते एवढंच, की असा माणूस तिकडचं सरकार कायमचा राहायला घेत नाही. त्याच्या आजाराचा भार त्यांच्या दवाखान्यांवर पडतो, असं त्यांचं म्हणणं. आणि नवरा-बायको एकाच फाईलमध्ये असले की एकाला नकार म्हणजे दोघांना नकार.

"मग आता?" हिम्मतरावांनी विचारलं. ते वीज खात्यात होते. कागदपत्रं कशी अडतात ते त्यांना नवीन नव्हतं.

गौतम म्हणाला की सल्लागाराने एक रस्ता सांगितलाय. अर्ज आईच्या नावाने आहे, बाबा त्यात फक्त सोबत येणारे. आई-बाबा कायद्याने विभक्त असतील तर बाबांचं नाव निघतं आणि आईची फाईल पुढे सरकते. घटस्फोट नाही, विभक्त. कोर्टाचा एक कागद.

मग सायलीने मान वर केली.

"मामा, हे फ्रॉड आहे ना? ते लोक पकडतात."

"आई इकडे आली आणि बाबा तिकडे राहिले की ते वेगळेच झाले," गौतम म्हणाला. "त्यात खोटं काय आहे?"

सुनंदाला हे वाक्य ऐकून राग यायला हवा होता. पण तिच्या मनात आधी दुसरंच आलं. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, तेही बाबांना इथूनच न्यायचं, म्हणजे ते तिलाच करावं लागणार. आणि त्याच्या पाठोपाठ आलं की आई गेली तर निदान एक माणूस कमी होईल. स्वतःच्या मनात उमटलेल्या या विचाराची तिला इतकी लाज वाटली की ती उगाच उठून पंखा वाढवून आली.

एकनाथरावांना सगळं पहिल्या खेपेतच कळलं होतं. लोक त्यांना समजावून सांगत होते, हळू आवाजात, जणू मूत्रपिंडांबरोबर कानही गेले होते. त्यांना मनातून हसू येत होतं.

भालकीकडची शेती सोडून त्यांचे वडील हैदराबादेत आले, त्यांनी दुकान टाकलं, आणि एकनाथरावांनी ते चाळीस वर्षं चालवलं. त्या दुकानात त्यांना 'सोबत येणारे' असं कुणी कधी म्हटलं नव्हतं. अर्ज भरताना मुख्य नाव बायकोचं, जयवंताचं घालावं लागलं, कारण तिचा पासपोर्ट आधी तयार होता. तेव्हा त्यांनी ते हसण्यावारी नेलं. पुढे जे पत्र येई ते तिच्या नावाने येई, आणि प्रत्येक वेळी त्यांना बारीकसं काहीतरी टोचे.

तरीही वाट बघण्याचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं होतं. दर गुरुवारी ते अंबाजीच्या दुकानात जाऊन बसत. शेजारचे व्यापारी विचारत, "सेठ, कब निकल रहे?" आणि ते त्यांना कॅनडाच्या कारभाराबद्दल सांगत, कुठली पायरी झाली, कुठली राहिली, यंदा किती अर्ज साचलेत. चार वर्षांत ते या विषयातले जाणकार झाले होते. बेगम बाजारातल्या एका मसालेवाल्याने तर मुलाच्या अर्जासाठी त्यांचा सल्ला घेतला होता. दुकान गेलं तरी बाजारात लोक त्यांच्याकडे काहीतरी विचारायला येत होते. आता नकार आला तर त्याच लोकांना काय सांगायचं? एकनाथ बिरादारला आजारी माणूस म्हणून परत पाठवलं?

त्यापेक्षा बायको पुढे गेली आहे, मी मागून जाईन, हे सांगणं सोपं होतं.

"मी सही करतो," ते म्हणाले. "कुठं करायची तेवढं सांगा."

गौतमच्या चेहऱ्यावरचा ताण एकदम उतरला. बाबा समजून घेतील हे त्याला माहीत होतं, असं तो म्हणाला. हिम्मतराव सासऱ्यांकडे बघत राहिले. एकनाथरावांना वाटलं, जावयाच्या डोळ्यांत आपल्याबद्दल आदर दिसतोय. तो आदर नव्हता, पण त्यांनी तसा समज करून घेतला.

गौतमने सायलीला अर्जाच्या खात्यात जायला सांगितलं. पासवर्ड त्याने मागच्याच आठवड्यात तपासणीचे कागद चढवायला दिला होता. बाबांचं नाव काढण्याचा फॉर्म तिथे मिळेल, तो तिने उतरवून ठेवावा. मग फोन बंद झाला.

जयवंताबाई या सगळ्या वेळात टेबलाच्या कडेला बसून होत्या. त्यांना कुणीच काही विचारलं नव्हतं.

त्या स्वयंपाकघरात येऊन अंबाडी निवडत बसल्या. देठ एका बाजूला, पानं एका बाजूला. अडुसष्ट वर्षांच्या वयात कुणी आपल्याला नवऱ्यापासून वेगळं करेल असं त्यांना वाटलं नव्हतं, आणि करायचंच होतं तर निदान भांडण तरी व्हायला हवं होतं. 'मी सही करतो' म्हणताना एकनाथरावांनी एकदा वळून बघितलंसुद्धा नाही. पंचेचाळीस वर्षांत कितीतरी गोष्टी न विचारता झाल्या होत्या, त्याची त्यांना सवय होती. दुकान देताना विचारलं नाही. खोल्या सोडताना विचारलं नाही. पण हे वेगळं होतं.

सायली आत आली आणि दार लोटून घेतलं. तिच्या हातात लॅपटॉप होता.

"आजी, मी फॉर्म शोधत होते ना, तर सगळी जुनी लेटर्स पण दिसली. एक बघ."

त्यांना इंग्रजी येत नव्हतं आणि सायलीला मराठी धड वाचता येत नव्हतं. बोलून मात्र दोघींचं नीट जमे. सायलीने सांगितलं, पत्र मागच्या वर्षीच्या मार्चमधलं आहे. त्यात आजी-आजोबांचं सगळं बरोबर आहे असं लिहिलंय. फक्त गौतममामाच्या उत्पन्नाचे नवीन कागद मागितलेत, तीस दिवसांत. मामाने कागद पाठवले नाहीत. मुदत मागितली. परत मागितली. परत. शेवटचे कागद गेले ते या वर्षीच्या एप्रिलमध्ये.

"तेव्हा आमची तपासणी...?"

"व्हॅलिड होती आजी. आजोबांची पण."

जयवंताबाईंनी तिला पुन्हा सांगायला लावलं, सावकाश, महिन्यांची नावं घेऊन. मग विचारलं की तेव्हाच कागद दिले असते तर आपण गेलो असतो का. सायली जरा थांबली आणि म्हणाली, "हौ. बहुतेक."

मागच्या वर्षीच्या मार्चमध्ये एकनाथराव कोठीहून सुलतान बाजारापर्यंत चालत जात होते. पायावर सूज नव्हती. जेवणात मीठ होतं. आणि तेव्हापासून दर रविवारी गौतम सांगत होता की तिकडच्या ऑफिसात काम तुंबलंय, आपल्या हातात काही नाही. त्या ऑफिसातल्या न पाहिलेल्या माणसांना जयवंताबाईंनी वर्षभर मनातून शिव्या घातल्या होत्या. त्यांच्या मनाला पाझर फुटावा म्हणून सोमवार धरले होते.

त्यांनी हात धुतले आणि सायलीला मामाला परत फोन लावायला सांगितलं.

पुन्हा सगळे टेबलापाशी जमले. आता मधल्या खुर्चीवर जयवंताबाई होत्या. त्यांनी आवाज चढवला नाही. मागच्या वर्षीच्या मार्चमध्ये आलेल्या पत्राचं काय झालं, एवढंच विचारलं.

गौतम आधी म्हणाला की तशी पत्रं येतच असतात. मग म्हणाला की सायलीला ते कळलं नसेल. सायलीने तारखा वाचून दाखवल्या. तेव्हा पडद्यात प्रियदर्शिनी येऊन त्याच्या शेजारी बसली.

"आई, याची नोकरी गेली होती," ती म्हणाली. "तेरा महिने नव्हती. आमचं पटत नव्हतं, मी पोरीला, ईशाला घेऊन टोरंटोला बहिणीकडे जाऊन राहिले होते. तेव्हा उत्पन्नाचे कागद पाठवले असते तर अर्ज तिथेच नामंजूर झाला असता."

गौतमने तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू ती घरातली नसून बाहेरची कुणी आहे. पण ती उठली नाही.

सुनंदाला भावाचा राग आला आणि कीवही आली. तेरा महिने. दर रविवारी तो स्वच्छ शर्ट घालून फोनवर यायचा. ती त्याला म्हणायची, तुझं बरं आहे बाबा, सगळं मागे टाकून गेलास.

"मला का नाही सांगितलंस?" जयवंताबाईंनी विचारलं.

"सांगितलं असतं तर बाबांनी अंबाजीकडे दुकान परत मागितलं असतं. सगळ्या बाजारात झालं असतं की मुलाला जमलं नाही."

"मागितलं असतं. मग?"

गौतमने समोरचा कप बाजूला सरकवला.

"तेव्हा अंबाजीने खोल्या पाडल्या नव्हत्या," त्या म्हणाल्या. "या वर्षी संक्रांतीनंतर पाडल्या त्याने, गोदाम केलं. तू सांगितलं असतंस तर आज मी माझ्या घरात असते."

एकनाथराव तोवर ऐकत होते. आता ते मध्ये पडले, आणि पडले ते मुलाच्या बाजूने. पोराची नोकरी गेली होती, संसार मोडायला आला होता, त्याने एकट्याने निभावून नेलं. त्याचं कौतुक करायचं सोडून तू त्याला पिंजऱ्यात उभं करायलीस, असं ते बायकोला म्हणाले. हिम्मतराव सहसा सासऱ्यांना उलट बोलत नसत. पण आज बोलले. "मामा, त्याने तुमचे तेरा महिने घालवले. ते तुमचे होते, त्याचे नव्हते."

"माझे ते. मी बघतो," एकनाथराव म्हणाले आणि तोंड फिरवलं.

जयवंताबाईंनी त्या दोघांना बोलू दिलं. मग पडद्याकडे बघून सांगितलं की त्या येणार नाहीत. प्रियदर्शिनीच्या बाळंतपणाला त्याने एखादी बाई बघावी. कोर्टाचा कागद होणार नाही.

"आई, बाबांसाठी तू असं—"

"त्यांच्यासाठी नाही," त्या म्हणाल्या. "ते तर न विचारता सही द्यायला निघाले होते. मी माझ्यासाठी येत नाही. तुला चार वर्षांपूर्वी आई-बाप हवे होते, मागच्या वर्षी नको होते, आता आई तेवढी हवी आहे. मला अशी ये-जा जमणार नाही."

प्रियदर्शिनीने डोळे पुसले. गौतम कोरड्या आवाजात म्हणाला की असं असेल तर अर्ज मागे घेतो, नकार यायच्या आत घेतलेला बरा. त्यावर एकनाथराव खुर्चीत ताठ झाले.

"मागं घेऊ नको. राहू दे फाईल. ते नाकारतील तेव्हा नाकारतील."

"त्याने काय होणार आहे बाबा?"

"राहू दे म्हणलं ना."

ते असं का म्हणतात हे त्या खोलीत फक्त जयवंताबाईंना कळलं. फाईल उघडी आहे तोवर बाजारात तोंड दाखवता येत होतं. त्यांना त्या क्षणी नवऱ्याची दया आली नाही. ती यायला हवी होती, असं मात्र वाटलं. गौतमने बरं म्हटलं आणि फोन ठेवला.

दुपारी सगळे जेवले. अंबाडीची भाजी चांगली झाली होती, पण कुणी तसं म्हटलं नाही. एकनाथराव आत जाऊन झोपले. सायली मैत्रिणीकडे जाते म्हणून निघून गेली. सुनंदा ओट्यावरची भांडी आवरत होती आणि हिम्मतराव तिथेच पाण्याचा पेला घेऊन उभे होते, तेव्हा जयवंताबाई दारात आल्या.

"सुनंदा, तुला एक विचारायचं होतं," त्या म्हणाल्या. "दोन वर्षांपूर्वी आलो तेव्हा जायचं होतं, म्हणून विचारलं नव्हतं. आता जायचं नाही. आम्ही इथेच राहू का?"

सुनंदाच्या हातात ताट होतं. उत्तर तयार होतं. लेकीकडे एकच उत्तर असतं. पण ते ओठांवर यायच्या आधी तिच्या डोळ्यांसमोर डायलिसिसचे दिवस आले, बाल्कनीत उभी राहून बोलणारी सायली आली, आणि सायलीच्या लग्नाला पाहुणे येतील तेव्हा कुठे बसतील हेही आलं. तिने हिम्मतरावांकडे पाहिलं. ते पेल्यात बघत होते.

"म्हणजे काय आई," ती म्हणाली. "राहा की. विचारतेस काय?"

जयवंताबाईंनी मान डोलावली. "बरं," म्हणाल्या. लेकीच्या पाठीवर हात फिरवला आणि आत निघून गेल्या. सुनंदा ताट तसंच धरून उभी राहिली. तिला आईच्या मागे जायचं होतं, आणि गेल्यावर काय बोलायचं ते सुचत नव्हतं. हिम्मतराव म्हणाले की तू काही वाईट बोलली नाहीस. तिने ताट फळीवर ठेवलं.

पुढचे पंधरा दिवस जयवंताबाई रोज सकाळी बाहेर पडत होत्या. मंदिरात जाते म्हणत. कधी नव्हे ते त्या एकट्या बसने फिरल्या, कधी अंबाजीच्या बायकोला बरोबर घेतलं. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी जेवताना सांगितलं की काचीगुड्याला तळमजल्यावर दोन खोल्या मिळाल्या आहेत. डायलिसिसचा दवाखाना तिथून चालत दहा मिनिटांवर आहे. सुनंदा रडली, रागावली, लोक काय म्हणतील असंही म्हणाली. जयवंताबाईंनी तिचं सगळं ऐकून घेतलं. जवळच आहे, तू येत जा, असं म्हणाल्या. सुनंदाने दुसऱ्यांदा आग्रह केला नाही. तो केला नाही हे त्या दोघींनाही नंतर कित्येक दिवस आठवत राहिलं.

एकनाथरावांनी सही करण्याच्या गोष्टीबद्दल बायकोशी एक अक्षर काढलं नाही. तिनेही काढलं नाही. पण आता ते कुठे जाताना तिला सांगून जात. त्यांच्या डाव्या हातावर डायलिसिससाठी शीर जोडायची लहान शस्त्रक्रिया झाली, आणि तो हात ते पांढऱ्या कापडात गुंडाळून छातीशी धरत.

खोल्या बघायला ते दोघं बुधवारी सकाळी गेले. घरमालक रेल्वेतून निवृत्त झालेले तेलुगू गृहस्थ होते, बोलत दक्खनीत. त्यांनी खुर्च्या मांडल्या, चहा मागवला, एकनाथरावांच्या हाताची विचारपूस केली आणि मग कामाचं विचारलं, "कित्ते दिन के वास्ते होना तुमकू?"

"बस, दो-तीन महिने," एकनाथराव म्हणाले. "बेटे के पास जाना है, कॅनडा. इत्ते में व्हिसा आ जाता हमारा."

घरमालकांचा चेहरा जरा पडला. त्यांना टिकणारा भाडेकरू हवा असणार. त्यांनी जयवंताबाईंकडे पाहिलं.

"ग्यारा महिने का कागज बनाओ," त्या म्हणाल्या. "बाद में फिर ग्यारा का."

एकनाथराव बशीतला चहा पीत राहिले. जयवंताबाई उठल्या, आणि पाणी किती वाजता येतं, ते विचारत मागच्या खोलीकडे गेल्या.